भेगेतला पिंपळ

पेन्सिल तासली की लाकडाचा वास सुटतो आणि लालबागमधली एक दुपार मला गाठते. एका चाळीसमोर फुटपाथवर बसून मी दुसऱ्या मजल्याची गॅलरी कागदावर उतरवत होते. तिथे भिंतीच्या भेगेतून पिंपळ उगवला होता. त्याची मुळं लाकडी खांबावरच्या वेलबुट्टीत अशी मिसळली होती की कोरलेलं कुठलं आणि उगवलेलं कुठलं, कळेना. तांबूस पानं सारखी हलत होती, माझाही हात ठरेना. त्या गॅलरीमागच्या खोलीत राहणाऱ्या काकी बाजारातून परतताना थबकल्या. त्यांना वाटलं, मालकाकडे द्यायच्या तक्रारीसाठी मी भेग काढतेय. "भेग मोठी काढ गो, तेंका दिसाक व्हयी," त्या म्हणाल्या. चित्र पुरं झाल्यावर त्यांनी ते हातात घेतलं, मान वर करून गॅलरीकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे. "आमचा घर इतक्या बरा दिसता?" त्या हसल्या, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. "ह्या तेंका दाखवू नको. ह्या बघून रिपेरिंग कोण करतलो?" आजही जुन्या भिंतीसमोर बसले की पेन्सिल भेगेपाशी येऊन अडते, आणि मी वर बघते, आत कुणी राहतंय का, कुणाचे कपडे वाळत घातलेत का.