झेफेरिनोचे न गिळलेले स्वर

झेफेरिनोचं पोट भरायचं नळदुरुस्तीवर, पण नाव होतं ते नकलांवर. कॅफेत तो तोंड उघडायचा आणि लोक कॉफी थंड करत बसायचे.

"स्पॅनिश म्हणजे पत्र्याच्या डब्यातले हरभरे," तो म्हणे. "खडखड खडखड, एकेक दाणा वेगळा ऐका! इटालियन म्हणजे टाचा वाजवत जिना उतरणारी बाई. आणि आपली पोर्तुगीज? ओल्या तव्यावर टाकलेले सार्डिन मासे. श्श्श, झ्झ्झ! अर्धा शब्द आपण गिळतो आणि उरलेला नाकातून सोडतो." एकदा बसमध्ये त्याची बडबड ऐकून एक रशियन बाई आनंदाने मागे वळली होती. तिला वाटलं, आपल्या गावचं कुणी भेटलं! ही गोष्ट तो तिच्या पडलेल्या चेहऱ्यासकट सांगे.

त्या उन्हाळ्यात त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हात वाचला, पाय वाचला, डोकं शाबूत राहिलं. जीभ तेवढी फिरली. प्रत्येक स्वर आ वासून बाहेर यायला लागला. शब्द पोर्तुगीजच, पण आवाज नदीपलीकडचा, थेट स्पेनचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं क्वचित होतं. कधी जातं, कधी जात नाही.

तो जवळच्या एल्वश शहरात नळाचे वायसर आणायला गेला, तर दुकानातल्या पोरीने गोड हसून मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "साहेब, किती देऊ?"

"अगं, मी इथलाच आहे!"

"हो हो, स्पेनचे पाहुणे आम्हाला आमचेच वाटतात," ती आणखी प्रेमाने, आणखी वाईट स्पॅनिशमध्ये म्हणाली.

आमच्या लोकांची ही खोडच आहे. परक्याला त्याच्या भाषेत उत्तर दिल्याशिवाय यांना चैन पडत नाही. तो जितका चिडे, तितका पाहुणचार वाढे. भांडायचं तरी कुणाशी?

घरी बायको, कुस्तोदिया, त्याला समोर बसवून सराव घ्यायची. "गीळ ना तो स्वर!"

"घशाखाली उतरतच नाही, तर काय करू?"

"लग्न झाल्यापासून माझं सगळं बोलणं गिळलंस की रे! मग एवढासा 'ओ' जड झाला?"

दोघं हसली. मग झेफेरिनो हसायचा थांबला.

एक डिसेंबर जवळ येत होता. स्पेनच्या राजापासून आम्ही सुटलो तो दिवस. पहाटे बँड गावभर फिरतो, चौकात थांबतो आणि बँड मंडळाच्या इमारतीच्या सज्जातून एकजण तीनदा पोर्तुगालचा जयजयकार करतो. कित्येक वर्षं तो मान झेफेरिनोचा होता. बँडचा प्रमुख आदेलिनो आदल्या संध्याकाळी घरी आला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "यंदा घसा बरा नसेल, तर दुसऱ्या कुणाला..."

"घसा ठणठणीत आहे."

"तेच तर म्हणतोय मी, लेका. फारच ठणठणीत आहे."

"दोन शब्द आहेत, आदेलिनो. विव्हा पोर्तुगाल. तेही काढून घेतोस?"

आदेलिनोला नाही म्हणवलं नाही.

सकाळी बँड थांबला. झेफेरिनोने सज्जाचा कठडा धरला, छाती भरून घेतली आणि ओरडला. आम्ही 'पुर्तुगाल' म्हणून गिळतो तो 'पोर्तुगाल'चा 'ओ' चौकभर घुमला, गोल, मोठा, शेजारच्या देशाचा. गाव त्याला ओळखत होतं, म्हणून कुणी हसलं नाही. पण उत्तरादाखल "विव्हा" म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

तेवढ्यात बाहेरगावाहून मदतीला आलेला तुतारीवाला गहिवरून म्हणाला, "काय दिलदार माणूस! स्पेनचा असून आपला जयजयकार करतोय!" आणि टोपी उंचावून त्याने अस्सल सौजन्याने स्पेनच्या नावाने आरोळी ठोकली, "विव्हा एस्पान्या!"

आदेलिनोने घाईघाईने हात उडवला आणि बँड धडाधड सुरू झाला. झेफेरिनोचे दोन जयजयकार अजून बाकी होते. तेही त्याने केले, पण ढोलाखाली कुणाला ऐकू आले नाहीत. वर फक्त त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. खाली कुस्तोदिया ते बघून दोन्ही वेळा एकटीच "विव्हा" म्हणाली, शेवटचा स्वर गिळून.