निषिद्ध या शब्दाचा अर्थ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथे मी दुसऱ्याच चुका कबूल करायचे, लहानसहान, खपून जाण्यासारख्या. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला सांगायला जी छाती लागते, ती माझ्याकडे कधीच नव्हती.

मी शिक्षिका होते. चिंचवडला मुलींच्या शाळेत जन्म गेला माझा. ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली की माझ्या हातून लाल रेघ आपोआप ओढली जायची. बाई लग्नाची पत्रिकासुद्धा तपासून परत पाठवतात, अशी गावात थट्टा चाले, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडायची. शब्द म्हणजे शब्द, त्याचा अर्थ म्हणजे अर्थ, त्यात तडजोड नाही — हे मी किती मुलींना ऐकवलं असेल! आणि तीच मी — पण थांबा. तिथवर एकदम जाता येत नाही मला.

सन पन्नासच्या पुढची ती वर्षं. पिंपरी-चिंचवडच्या माळांवर नुकतेच कारखाने उभे राहू लागले होते. शाळेपासून हाकेच्या अंतरावर पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना होता आणि तिथे वीसबावीस बायका कामाला होत्या. प्रौढांना साक्षर करायचं तेव्हा सगळीकडेच वारं होतं. कारखान्यानंही बायकांसाठी वर्ग काढला आणि शिकवायला मला बोलावलं. त्यांची पाळी सुटली की पाच ते सहा, गोदामात, रिकाम्या खोक्यांवर बसून आमची शाळा भरायची. भिंतीपलीकडे दुसऱ्या पाळीची यंत्रं चालू असत. छताखाली एक लांब लोखंडी दांडा फिरायचा आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा उतरलेला असे. पट्ट्याला जिथे जोड होता तिथे तो दर फेऱ्याला फटकन वाजायचा. त्या तालावर आम्ही बाराखडी म्हणायचो. बायकांना गंमत वाटायची. मला मात्र तो आवाज पहिल्या दिवसापासून सोसला नाही.

हौसा माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. माहेर मोशीचं, सासर चिंचवडचं, नवरा देहूरोडला लष्कराच्या डेपोत हमाल, घरात एक लहान मुलगी. तिशीची असेल. उंच, तोंडाची फटकळ. पत्रा ओढून घेणारे दोन जाड रूळ असलेल्या यंत्रावर तिचं काम. त्या रुळांना तेल आणि पत्र्याचा कीस चिकटायचा, तो दिवसातून चारपाच वेळा चिंधीनं पुसावा लागे. मुकादम म्हणायचा, चालू यंत्रावरच पूस. पट्टा उतरवून पुन्हा चढवेपर्यंत काम खोळंबतं. बाकीच्या बायका मुकाट्यानं पुसायच्या. हौसा नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "आदी पट्टा उतरवा, मग पुसते. माजा हात काय तुमच्या बाचा हाय?" आणि मुकादम शिव्या देत पट्टा उतरवायचा. रोज. हे लक्षात ठेवा. ती रोज भांडायची आणि रोज जिंकायची.

कारखान्याच्या फाटकाशी एक फळा टांगलेला होता. कामगारांसाठी असलेल्या कायद्याचा गोषवारा त्यावर मराठीत लिहिलेला — तो तसा लावणं कायद्यानंच बंधनकारक होतं. पिण्याचं पाणी, कामाचे तास, यंत्रांपासूनचं संरक्षण, सगळं एकाखाली एक. मी तो पहिल्याच आठवड्यात वाचून काढला होता. छापील अक्षर दिसलं की वाचायची खोड. आणि मला वाटलं होतं — खरंच वाटलं होतं — की वर्गात धडा म्हणून हाच घ्यावा. त्यांचा स्वतःचा हक्क त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. यापेक्षा चांगला धडा कुठला?

मॅनेजर सावंतसाहेबांना मी तसं बोललेही. ते हसले. सभ्य माणूस, कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. म्हणाले, बाई, तुम्ही अक्षरं शिकवा, कायद्याला वकील आहेत. मग चहा मागवला आणि सहज बोलावं तसं सांगितलं, की पुढच्या वर्षी बायकांसाठी एक वेल्फेअर ऑफिसर नेमायची आहे. शोधत आहोत कुणीतरी समजूतदार बाई.

समजूतदार. त्या शब्दाचा अर्थ मला बरोबर कळला.

मी फळ्याचा विषय वर्गात काढला नाही. एवढंच नव्हे, जोडाक्षरंही लांबणीवर टाकली. फळा जोडाक्षरांनी भरलेला होता ना! मी आपली कमळ, घर, बदक यांतच घोळत राहिले. पण हौसा कुठली थांबायला? तेलाच्या डब्यांवरून, ट्रकच्या पाटीवरून, वाण्याच्या पुडीच्या कागदावरून ती जोडाक्षरं उचलून आणायची आणि मला विचारायची. आणि मग एके दिवशी वर्ग सुटल्यावर ती फाटकाशी थांबली आणि फळ्याची पहिली ओळ बोट लावून वाचू लागली.

रोज एक ओळ. वर्ग सुटला की बायका तिच्याभोवती कोंडाळं करायच्या. पाण्याची ओळ झाली. मुताऱ्यांची झाली तेव्हा केवढा हशा पिकला. मीही हसले असेन. पण मी खालच्या ओळी मोजत होते. यंत्रांची ओळ कितवी, ते मला पाठ होतं. शुक्रवारी ती तिथे पोचणार, हे मला सोमवारीच कळलं होतं. चार दिवस होते माझ्यापाशी. त्या शुक्रवारी आजारी पडावं, असंसुद्धा मनात येऊन गेलं. मी आजारी पडले नाही.

ओळ अशी होती: यंत्र चालू असताना त्याची साफसफाई करणे स्त्रियांस निषिद्ध आहे.

हौसानं ती सगळी वाचली. अडखळत, पण सगळी. 'स्त्रियांस' तर तिनं इतक्या ठसक्यात वाचलं की बायकांनी माना वर केल्या. मग एका शब्दावर तिचं बोट थांबलं. तिनं तो फोडून, जुळवून, बरोबर वाचला. पण हा शब्द त्यांच्या घरात कुणी कधी बोललेलाच नव्हता. तिनं वळून मला विचारलं,

"निषिद्ध म्हंजी काय वो, बाई?"

सावंतसाहेब फाटकाशी पहारेकऱ्याशी बोलत उभे होते. त्यांनी मला धमकावलं असं मी म्हणणार नाही. खूण केली, असंही नाही. बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे पाहिलं, इतकंच. मनाई, एवढा तीन अक्षरी शब्द. तो माझ्या तोंडात आलेला होता.

मी म्हणाले, "नेमून दिलेलं."

काय सफाईनं सुचला हा शब्द! वाक्यात चपखल बसला. व्याकरण कुठे बिघडलं नाही. हौसा क्षणभर फळ्याकडे बघत राहिली, मग मोठ्यानं हसली. "म्हंजी कायद्यानंच आमाला नेमलंय व्हय! आन् मी उगाच त्या मुकादमाशी भांडत व्हते." सगळ्या हसल्या. सावंतसाहेबांनी पुन्हा पहारेकऱ्याशी बोलणं सुरू केलं.

उद्या सांगू, असं म्हणत मी घरी गेले. एकटी गाठून सांगू, चूक झाली म्हणू, माझीही होऊ शकते चूक. पण ज्या बाईनं आयुष्यात चूक केली नव्हती तिला तेवढंच जमलं नाही. सोमवारी हौसा वर्गात आली तेव्हा तिच्या पदराचं टोक फाटलेलं होतं. रुळानं ओढलं म्हणे. तिनं ते सगळ्यांना दाखवलं, नकला केल्या. मी वर्गातल्या फळ्यावर लिहीत होते. माझी पाठ तिच्याकडे होती आणि भिंतीपलीकडे तो पट्टा फटक फटक वाजत होता. अजून किती स्पष्ट सांगायला हवं होतं मला? मी मागे वळले आणि म्हणाले, पदर नीट खोचून काम करत जा. तेवढी समजूत मी दिली.

पुढे तीन आठवडे हौसा मुकादमाशी भांडली नाही.

त्या दिवशी मी पाचाला कारखान्यात गेले, तर पट्ट्यांचा आवाज नव्हता. एकही यंत्र चालू नव्हतं. मला कुणी काही सांगायच्या आधी सगळं कळलं. मी फाटकातच उभी राहिले, त्या फळ्याखाली. हौसाचा उजवा हात चिंधीसकट रुळात गेला होता. मनगटापर्यंत.

चौकशी झाली. सरकारी इन्स्पेक्टर आले. शांत, नेटके गृहस्थ. सावंतसाहेबांनी त्यांच्यापुढे हौसाला आमच्या वर्गातून मिळालेला साक्षरतेचा दाखला ठेवला. खाली माझी सही. हिला वाचता येतं. फळा लावलेला आहे. इन्स्पेक्टरांनी मला विचारलं, या ओळीचा अर्थ तुम्ही तिला सांगितला होता?

मी म्हणाले, हो, सांगितला होता.

कुठला अर्थ, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना कसं सुचावं? ते पुण्याच्या दवाखान्यात हौसालाही भेटले, आणि तिनंही तेच सांगितलं — बाईनी अर्थ सांगितला व्हता, समद्यांम्होरं सांगितला. दोघींच्या जबान्या तंतोतंत जुळल्या. नियम ठाऊक असूनही मोडला, दोष तिचा स्वतःचा, असा निकाल झाला. तिला ना भरपाई मिळाली ना दुसरं काम. कायदा तिच्या बाजूचा होता, आणि तो मी माझ्या तोंडानं तिच्यावर उलटवला.

वेल्फेअर ऑफिसरची जागा मला मिळाली नाही. पुण्याहून कुणी शिकलेली बाई आली. हे मी भोग म्हणून सांगत नाही. मिळाली असती तर मी ती घेतली असती, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते.

हौसा त्यानंतर गावात दिसायची. डोक्यावर पाटी, डाव्या हातानं सावरलेली. दिसली की थांबायची, बऱ्या हाय का बाई, म्हणायची. तिला कळलंय का? कळूनही गप्प आहे का? दर वेळी मी तिच्या डोळ्यांत शोधायचे आणि दर वेळी घाईत असल्याचं सांगून निघायचे.

उत्तर मला तीनचार वर्षांनी मिळालं. तिची मुलगी यमुना माझ्या चौथीच्या वर्गात आली. आईसारखीच तल्लख. सहामाहीचा मराठीचा पेपर वरून छापून आला होता. शब्दांचे अर्थ लिहा, या प्रश्नात पाचवा शब्द तोच होता. वर्गात मी तो कधीच शिकवला नव्हता. मुलींनी जागा कोरी सोडली होती. यमुनानं सोडली नव्हती. वळणदार अक्षरात तिनं लिहिलं होतं: निषिद्ध म्हणजे नेमून दिलेले.

म्हणजे हौसाला कळलेलं नव्हतं. हात गेला, काम गेलं, पण बाईंनी दिलेला शब्द तिनं जपून ठेवला होता आणि लेकीला दिला होता.

लाल पेन माझ्या हातात होतं. काट मारली असती तर पेपर घरी गेला असता. हौसा लेकीचा प्रत्येक पेपर बघायची. तिनं विचारलं असतं, का चुकलं? मग बरोबर काय?

मी बरोबरची खूण केली आणि पूर्ण गुण दिले.