ओढ आणि सोड

माझ्या एका खोटेपणामुळे आमच्या टोळीतले दोन शब्द बंद झाले. झाड पाडताना आम्ही 'ओढ' म्हणत नाही आणि 'सोड'ही म्हणत नाही. दोर खेचायचा असेल तर 'ताण' आणि सैल करायचा असेल तर 'ढील'. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगितले जाते, आणि त्यामागची हकिकतही सांगितली जाते. ती हकिकत खरी नाही, हे इतकी वर्षे फक्त मला ठाऊक होते.

ती सांगतो माझा सोबती. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. मी हळू आणि पुस्तकी बोलतो, म्हणून तो मला मास्तर म्हणतो. बुऱ्हाणपूरच्या आसपास घरावर कललेली, वाळलेली, तारांत शिरलेली झाडे पाडणे हे आम्हा दोघांचे तारुण्यापासूनचे काम. तेव्हा बुंध्याशी करवतीचे मशीन घेऊन तो असे आणि दोरावर मी.

झाड ज्या अंगाला पाडायचे, त्या अंगाला आधी खोडात खाच पाडून तोंड करतात. मग मागून काप घालत यायचे आणि दोन्हींच्या मध्ये लाकडाची एक पट्टी राखायची. तिला आम्ही कब्जा म्हणतो, कारण दार कब्जावर फिरते तसे झाड तिच्यावर वळत खाली येते. दादाने राखलेला कब्जा पाहण्यासारखा असे. एखादी म्हातारी चिंच जमिनीला टेकेपर्यंत खुंटाला धरून राही आणि तो तिच्याशी बोलत असे, "बस बाई, आरामात बस. कोणाला घाई हाय?"

गोठ्याकडे कललेला एक निंब आम्ही उलट बाजूच्या मोकळ्या शेतात पाडत होतो, त्या दिवसाची ही गोष्ट. त्याच्या शेंड्याला बांधलेला दोर दूरच्या बाभळीच्या खोडाला वळसा देऊन मी धरला होता. टोळीतले बाकीचे दोघे पलीकडे फांद्या छाटत होते. काप पुरेसा खोल गेला तेव्हा दादाने मान वर करून हाक दिली, "ओढ." मशीनच्या आवाजातही ती मला स्वच्छ ऐकू आली. नेमका तेव्हाच बांधावरून एक ओळखीचा माणूस केळीने भरलेला ट्रॅक्टर घेऊन चालला होता. त्याने हात केला, मीही केला. दुसऱ्या हातातून दोर सरकला. निंब मागे बसला, मशीनची पात कापात अडकली, खोड पिळले, कब्जा तडकला आणि झाड बाजूला कोसळले. गोठ्याचे काही बिघडले नाही. दादा बाजूला झाला होता, तरी एक फांदी त्याच्या खांद्यावर आली.

मी धावत पोहोचलो तेव्हा तो खांदा धरून मातीत बसला होता. म्हणाला, "मास्तर, मी ओढच म्हणालो ना?"

त्याच्या डोळ्यांत शंका होती, पण ती माझ्याविषयी नव्हती, स्वतःविषयी होती. मला तेवढी फट पुरली.

"नाही दादा. सोड म्हणालास."

त्याने मान डोलावली. मला दुसरे काही विचारले नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

खांदा जुळला, पण मशीन पेलण्याजोगा राहिला नाही. बुंध्याची जागा माझ्याकडे आली आणि दोर त्याच्याकडे गेला. पुढच्या सगळ्या वर्षांत त्याच्या हातचा दोर एकदाही सैल पडला नाही. काप घालताना मी मागे वळून पाहत नसे. इतक्या विश्वासाने मी ज्याच्या हाती माझा जीव देत होतो, त्याचाच स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला होता, हे मला रोज दिसत होते, आणि मी रोज कामाला लागत होतो.

गेल्या हिवाळ्यात दापोऱ्याला केळीच्या बागेतल्या घरावर झुकलेला एक वाळका शिरीष पाडायचा होता. खकनारचा एक नवा गडी आमच्यात आला होता. तोंड करून झाले, दोर बांधला, मागचा काप अजून घातला नव्हता. चहा घेताना दादाने त्याला नेहमीची हकिकत सांगितली.

"पाह्य भाऊ, एकदा माझी जीभ घसरली. ओढच्या जागी सोड गेलं तोंडातून. आपल्याच तोंडानं आपला खांदा मोडला."

"मंग घरी वहिनीशी बोलताना काय करता दादा?"

"घरी मला बोलू कोण देते?"

सगळे हसले. दादा सर्वांत जास्त हसला.

त्या दिवशी माझा घसा बसला होता. मी त्याला जवळ बोलावून म्हटले, "आज हाक तू दे. दोर बाकीचे धरतील."

त्याचे हसू गेले. "दोर दे मास्तर, दिवसभर धरतो. हाक नको सांगू."

"माझा आवाज पोहोचणार नाही, दादा."

"मंग दुसऱ्या कोणाला सांग. माझ्या जिभेचा भरवसा नई." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "नातीला झोक्यावर बसवतो ना, तर घट्ट धर म्हणायच्या आधी मनात दोनदा म्हणून पाहतो. उलटं निघालं तं?"

झाड पाडण्यापुरते दोन शब्द मी त्याच्याकडून घेतले आहेत, असे मी समजत होतो.

मी मशीन खाली ठेवले आणि जे बोलायचे ते बोललो. पण घशातून नुसती हवा निघाली. "काय म्हणतात मास्तर?" खकनारच्या गड्याने विचारले. दादाही कान पुढे करून माझ्याकडे पाहू लागला. तेव्हा जेवढा आवाज उरला होता तेवढा गोळा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असे मी पुन्हा म्हणालो,

"तू ओढच म्हणाला होतास, दादा. मला ऐकू आलं होतं. मी ट्रॅक्टरवाल्याला हात करत होतो, दोर माझ्या हातून सुटला, आणि दोष मी तुझ्या जिभेला दिला. तुझी जीभ कधीच घसरली नव्हती. मला माफ कर."