गिरिजाअक्कांची सकाळची गोळी

पोटात अन्न नसताना साखरेच्या आजाराची गोळी मात्र वेळेवर घेणाऱ्या माणसाचं काय होतं, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलं आहे का? लातूरजवळच्या मुरुडला आमच्या शेजारी राहणाऱ्या गिरिजाअक्कांना कुणी सांगितलं नव्हतं.

अक्का उठल्या की चूळ भरून घोटभर पाण्यासोबत गोळी घेत. मग आंघोळ, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि त्यानंतरच अन्न. पूजेआधी गोळी कशी चालते, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "औषध काय जेवण हाय? महादेवाला तेवढं कळतंय."

त्यांचं किराणा दुकान होतं आणि देह चांगला भारदस्त. दुष्काळ बघायला साहेब लोक आले, तेव्हा त्या पोत्यांच्या आड जाऊन बसल्या. मला बघितलं तर लिहून नेतील, मुरुडात समदं बरं हाय, असं म्हणून स्वतःच हसल्या.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, पाणी आलं नाही. टँकर लांबला की अक्कांची आंघोळ लांबे, आंघोळीमागे पूजा, पूजेमागे भाकरी. गोळीची वेळ तेवढी हलली नाही. गोळी चुकवू नका आणि साखर खाऊ नका, एवढंच डॉक्टरांनी बजावलं होतं. अक्कांनी दोन्ही पाळलं.

त्या दिवशी टँकर आलाच नाही. लातुरात मंत्री येणार होते. मैदानावरची धूळ बसवायला तो तिकडे वळवला होता. प्यायच्या घागरीतलं तांब्याभर घेऊन अंग तरी पुसा, असं सून शांता विनवत होती.

"लेकरांच्या तोंडचं पाणी अंगाला लावू व्हय?" अक्का म्हणाल्या आणि उपाशीच दुकानात बसल्या.

दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. शांतानं गोड चहा पुढे केला. त्यांनी कप बाजूला सारला. "साखर वाढलीय गं माझी. जहर नको देऊस."

मग त्या बरळू लागल्या, नंतर बोलेनाशा झाल्या. जीप मिळून लातूर गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. साखर वाढली नव्हती, पार उतरली होती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, आपलं काम करत राहते. हे आधी सांगायला किती वेळ लागला असता?

टँकरचा आवाज आला की शांताच्या तोंडून अजून निघून जातं, "आत्या, पाणी आलं." मग ती आतल्या खोलीकडे बघत उभी राहते.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी ही गोळी घेत असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. गोळीनंतर केव्हा जेवता, ते विचारा. उपवासाला गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांकडून समजून घ्या. आणि असा घाम सुटला, हात कापू लागले, तर माणूस शुद्धीवर आहे तोवर साखर द्या. ते नको म्हणतील. तरी द्या.