गंगाक्काचं मातीचं कुत्रं

मडकं घेताना गिऱ्हाईक मडक्यावर टिचकी मारतं. आमच्या मुखेडच्या गंगाक्का कुंभारणीची रीत उलटी. ती आधी गिऱ्हाइकाच्या कपाळावर टिचकी मारायची, कान देऊन ऐकायची आणि भर बाजारात निकाल द्यायची. माझा निकाल पहिल्याच भेटीत लागला, "मास्तर, लई कच्चं भांडं हाय हे."

निजामाचे शेवटचे दिवस होते. मी शाळेत उर्दूतून भूगोल शिकवत असे आणि गावात मराठीतून थापा मारत असे. शाळेच्या कपाटात मेक्सिको देशावरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. तिथले जुने नाहुआ आणि मिश्तेक लोक जनावरांच्या आकाराची मातीची भांडी घडवत. माकडाचा पेला, पाखराची सुरई, आणि एक गुबगुबीत कुत्रं, ज्याचं पोट म्हणजेच भांडं. ते पुस्तक घेऊन मी कुंभारवाड्यात गेलो. मेल्यावर वाटेत नदी लागते आणि कुत्रं माणसाला पार नेतं, म्हणून मेलेल्याजवळ असं मातीचं कुत्रं ठेवायचं, अशी नाहुआंची समजूत. ती मी चारी पायांवर उतरून, भुंकून करून दाखवली. सगळा कुंभारवाडा हसून लोळला. गंगाक्का तेवढी हसली नाही. तिचा एकुलता एक लेक मारुती लेंडी नदीच्या पुरात वाहून गेला होता. प्रेतसुद्धा सापडलं नव्हतं.

"मागून धाडलेलं कुत्रं लेकराला हुडकतं का, मास्तर?" तिनं विचारलं.

पुस्तकात तसं काही नव्हतं. पण माझं नाटक रंगात आलेलं.

"हाव आक्का. वासावर जातं."

बाईनं चाकाला हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज. कुत्र्याला चाक लागणार नव्हतं. पोळ्याचे बैल ती हातानंच करायची, तसंच तिनं कुत्रं केलं. पोट पोकळ, पाय भरीव. दिराच्या आव्यात, मडकी भाजायच्या भट्टीत, एक कोपरा मागून घेतला. आवा उघडला तर पायांच्या ठिकऱ्या. पोळ्याचे बैल कुणी भाजत नाही आणि मडक्याला पाय नसतात, मग कळावं कसं? दुसऱ्यांदाही तेच. "पोरगं काठाला हुबं हाय," म्हणत ती पुन्हा माती मळायला बसली. तिसऱ्यांदा फुटलेल्या पायांनी दिराचे चार रांजण तडकवले. त्यानं तिला आव्यापाशी यायची कायमची बंदी केली.

पुस्तक परत ठेवताना चित्राखालची बारीक ओळ मी वाचली. पाय आतून पोकळ ठेवत, प्रत्येक पायाला छिद्र पाडत, म्हणजे भाजताना फुटत नसत. पहिल्या दिवशी ती ओळ मी गाळली होती. तिच्यात अभिनयाला जागा नव्हती.

मी धावत जाऊन आक्काला सांगितलं.

"ही वळ तवाबी तितंच व्हती?"

"हाव."

ती उठली आणि दिराच्या मडक्यांचा चिखल तुडवू लागली. तिला एकदा आवा वापरू द्यावा म्हणून मी तिच्या दिराच्या हातापाया पडलो, पण त्यानं ऐकलं नाही.

उन्हाळ्यात ती तापानं आडवी झाली. भेटायला गेलो तर डोळे न उघडताच म्हणाली, "मास्तर, आता मारुती भेटंल. कुत्रं का आलं न्हाई, इचारंल. काय सांगू त्याला?"