अण्णांनी पास केलेले तेवीस फोटो

आमच्या घराण्यात पहिली पदवी मी मिळवली, आणि ती मिळवताना माझे डोळे मिटलेले होते.

पुरावा भिंतीवर आहे. पदवीदान समारंभ, अंगात भाड्याचा काळा झगा, हातात गुंडाळी आणि पापण्या गच्च बंद. फोटोग्राफरने प्रत्येकाचा एकच फोटो काढला होता. (माझ्यामागे रांगेत शे-दीडशे पदवीधर होते. त्यांचेही डोळे मिटायचे बाकी होते!)

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. अण्णा चौथी शिकून नामपूरहून नाशकात आले आणि सातपूरला औषधांची खोकी छापणाऱ्या एका कारखान्यात लागले. हेल्परचे तपासनीस झाले. छापलेला कागद उजेडात धरायचा, रेघ तिरकी दिसली की टरकन फाडायचा. एकतीस वर्षं हेच काम.

"एकतीस वर्षांत दोष असलेला एकच माल मी पास केला," असं ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि बोट माझ्या फोटोकडे करतात.

त्या भिंतीत खिळा एकच. दुसरा ठोकायचा नाही, प्लास्टरला दोष येतो. बी.कॉम.च्या जोरावर मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागले, माझं लग्न ठरवायला आलेल्या मंडळींनीही आधी त्या फोटोकडे आणि मग माझ्याकडे पाहून खात्री करून घेतली. पण फोटो काही उतरला नाही.

"याच्यापेक्षा चांगला आण, उतरवतो," अण्णा म्हणायचे.

म्हणून शहरात चोवीस तासांची फोटो स्पर्धा जाहीर झाली तेव्हा मी पहिल्या दिवशी नाव दिलं. शनिवारी सकाळी दहा ते रविवारी सकाळी दहा, दर तासाला नाशिकचा एक फोटो. चोवीस तास, चोवीस फोटो, मोबाईलवर काढले तरी चालतील. एकही तास चुकला तर बाद. निवडलेले फोटो प्रदर्शनात मोठे करून लावणार आणि नंतर फ्रेमसकट घरी देणार. फ्रेमसकट! मला डोळ्यांसमोर तो खिळा दिसायला लागला. मी शाळेत सांगितलं, कॉलनीत सांगितलं, सासरी सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं. आता माघार घ्यायला जागाच ठेवली नव्हती.

शनिवारी पाहते तर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन दारात उभे.

"तुम्ही कुठे?"

"चोवीस तास एकटी फिरशील? आणि माल कोण बघणार?"

पहिला तास भांडी बाजारात. एक तांबट हंड्यावर हातोडी मारत होता. ठण् ठण् ठण्! हातोडी हवेत, कपाळावर घाम, तांब्यावर ऊन. मी मोबाईल उचलला, तेवढ्यात अण्णा पुढे झाले.

"ओ मिस्त्री, थांबा. हात खाली. हललं की पुसट येतंय."

"पण काका, मी काम करतोय."

"काम नंतर करा. पोरगी ग्रॅज्युएट आहे, फोटो काढतीय. शर्टाचं वरचं बटण लावा. मान सरळ. आणि डोळे उघडे ठेवा, डोळे! आमच्यात एकदा घोटाळा झालेला आहे."

तांबट सरळ उभा राहिला. हातोडी पाठीमागे लपवली. पोलिसांनी पकडून आणल्यासारखा फोटो आला.

"एक नंबर!" अण्णा म्हणाले.

दुसऱ्या तासाला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, कपडे धुणाऱ्या बायका. अण्णांनी त्यांना धुणं ठेवून उंचीप्रमाणे उभं केलं. एक म्हातारी म्हणाली, "रेशनकार्डाचं काम हाय का बाबा?" तर बाकीच्या आणखी सरळ झाल्या. तिसऱ्या तासाला भद्रकालीच्या भाजीबाजारातल्या मेथीवालीने फोटोत मेथी दिसू नये म्हणून जुड्यांवर पोतं टाकलं. (हे अण्णांना फार आवडलं. "पसारा झाकला बाईने. शहाणी आहे.")

मग मीही शहाणी झाले. अण्णा माणसाला गाठेपर्यंत एक मिनिट तरी जातंच. तेवढ्यात मी लांबूनच पटकन एक चोरटा फोटो काढून घ्यायचा, आणि मग त्यांच्या समाधानासाठी दुसरा, सावधान अवस्थेतला. दर तासाला दोन फोटो. एक माझा, एक अण्णांचा. नमस्कार करताना तोल जाणारे आजोबा, हसता हसता गजरा ओवणारी बाई, सीबीएस स्टँडवर धावत्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस... काय फोटो मिळाले होते! मनातल्या मनात मी खिळ्यावरचा जुना फोटो उतरवून कपाटामागे ठेवूनसुद्धा दिला.

पहाटे दूधबाजाराजवळच्या बेकरीत गेलो. चाचा लांब फळीवरून पावांच्या लाद्या भट्टीबाहेर ओढत होते. तोंडावर लाल उजेड. माझा चोरटा फोटो झाला. मग अण्णा.

"चाचा, फळी ठेवा खाली. टोपी सरळ करा."

"अरे साहेब, भट्टी थांबत नाही फोटोसाठी! आत दुसरी लादी आहे."

"एक मिनिट. हनुवटी वर. अजून वर. डोळे..."

"उघडेच आहेत, पण नाकाला वास येतोय ना!"

वास मलाही येत होता. एक अख्खी लादी कोळसा झाली. चाचांनी कपाळाला हात लावला, मग अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहून हसायला लागले आणि आम्हाला आधीच्या लादीचे गरम पाव देऊन म्हणाले, "बेटी, यांना घरी घेऊन जा. बाकीच्या बेकऱ्या वाचतील."

नऊ वाजता तेवीस तास पुरे झाले. आम्ही मिसळ खायला बसलो. रस्सा संपता संपता माझी मान टेबलावर कधी पडली कळलं नाही. जाग आली तेव्हा साडेनऊ झाले होते, मोबाईल अण्णांच्या हातात होता, चष्मा नाकावर होता आणि चेहऱ्यावर तेच समाधान होतं, जे कारखान्यातून घरी येताना असायचं.

मी मोबाईलकडे हात केला.

"अण्णा, काय करताय?"

"झालं. माल तपासून ठेवला. निम्मा खराब निघाला गं! कोण पाठमोरा, कुणाचं तोंड वाकडं, एकाचा तर नुसता हातच. सगळे काढून टाकले. तासाला एक पास आहे, काळजी करू नको."

"काढून टाकले म्हणजे?"

"पुसले." (रोज सकाळी 'शुभ सकाळ'चे साठ-सत्तर फोटो पुसून त्यांचा हात बसलेला आहे.)

"असू दे, असू दे... कचरापेटीत असतील!"

"ती पण रिकामी केली. खराब माल फाडून टाकायचा असतो, नाहीतर चांगल्यात मिसळतो."

मी ओरडले नाही. इतकी वर्षं ज्या हातांनी कागद तपासून माझी फी भरली, त्या हातांवर कसं ओरडणार? (खरं कारण, ओरडायला वेळ नव्हता.) मी गुपचूप रिक्षा केली आणि अण्णांना घेऊन फोटो जमा करायच्या हॉलवर गेले. दहाला बारा मिनिटं कमी. चोविसावा फोटो अजून काढायचा होता आणि माझ्यात जीव उरला नव्हता. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. बाजूला पाहिलं, तर अण्णा झोपले होते. ताठ बसून! मांडीवर रिकामा डबा दोन्ही हातांनी धरलेला, तोंड उघडं, चष्मा एका कानावरून सुटलेला, इस्त्रीच्या शर्टावर मिसळीचा थेंब.

आईला पुरावा दाखवावा म्हणून मी फोटो काढला. कला वगैरे काही नाही, निव्वळ तक्रार!

टेबलावरच्या बाईंनी माझे तेवीस फोटो पाहिले. "हे... आधार कार्डासाठी काढलेत का?" मग शेवटचा पाहिला आणि मोबाईल जवळ धरून पुन्हा पाहिला.

आठवड्याने फोन आला. एक फोटो निवडला होता.

"कोणता? तांबटच असणार," अण्णा म्हणाले.

"या आणि बघा," मी म्हणाले. आधी सांगायचं धाडस कोणात होतं?

अण्णा अर्धी कॉलनी घेऊन प्रदर्शनात आले. स्वतःसमोर येऊन उभे राहिले. तीन फूट बाय दोन फूट अण्णा. त्यांनी चष्मा पुसला, जवळ गेले, लांब झाले, डोकं तिरकं केलं. मग शेजारी उभ्या असलेल्या परीक्षकांना म्हणाले, "डोळे मिटलेले. तोंड उघडं. चष्मा वाकडा. शर्टावर डाग. चार दोष आहेत साहेब. पास कोणी केला?"

"मीच केला," परीक्षक म्हणाले. "खरा आहे म्हणून."

घरी आल्यावर अण्णांनी हातोडी मागितली आणि भिंतीत, मापटेपने मोजून, दुसरा खिळा ठोकला. प्लास्टरचा टवका उडाला तरी हूं की चूं केलं नाही.

आता त्या भिंतीवर दोन फोटो आहेत, शेजारी शेजारी. माझा उतरला नाहीच. पाहुणे आले की आधी अण्णांच्या फोटोपुढे थांबतात आणि विचारतात, "हे काय, झोपलेत?"

"चोवीस तास ड्युटी झाली होती," अण्णा छाती काढून सांगतात.

"आणि ही?"

"ही ना? ही पदवी घेताना झोपली होती."