दारातले गोलपोस्ट

पालेगावातल्या आमच्या घराच्या दारात सात वर्षं फुटबॉलचे गोलपोस्ट पडून होते. भिंतीला टेकवलेले सहा लोखंडी पाइप. भातकापणी झाली की मोकळ्या खाचरात आमच्या गावाचा आणि उल्हासनगरच्या कॅम्प चारचा सामना होतो. लोखंड खाचरात ठेवलं तर भंगारात जातं, म्हणून नियम ठरला, की हरेल त्याच्या गोलकीपरनं पोल वर्षभर घरी सांभाळायचे. तेव्हा आमचे गोलकीपर माझे बाबा होते. शेवटच्या मिनिटाला एक सुस्त बॉल त्यांच्या दोन पायांमधून, उघड्या दारातून कोंबडी शिरावी तसा, आत गेला.

बाबा पुन्हा खेळले नाहीत. गाव मात्र इमानाने दरवर्षी हरत राहिलं. नवे गोलकीपर बिल्डिंगमध्ये राहणारे. सोसायटी पाइप ठेवू देईना, म्हणून पोल आमच्याच दारात राहिले. आई त्यांच्यावर गोधड्या वाळत घाली. बाबा कंपनीत जाताना मागच्या दाराने निघत. तिकडनं वारा लागतो म्हणत. मी कधी वाद घातला नाही, पण गावानं जिंकावं असं मला वाटे ते एवढ्याचसाठी.

अंबरनाथच्या ऑफिसात जेवणानंतर डोळा लागला की मला एकच स्वप्न पडे. ते सहा पाइप आपणहून उठायचे आणि हळदीला निघालेल्या बायकांसारखे एकामागोमाग कॅम्प चारकडे चालू लागायचे. मी दारात उभी राहून त्यांना टाटा करायचे. मग साहेब फाइल मागायचे.

गेल्या हिवाळ्यात मी बाबांना सामन्याला ओढूनच नेलं. ते बांधावर अर्धी पाठ करून बसले. चार वाजायला आले होते. नव्या टॉवरांच्या सावल्या खाचरात लांब पसरल्या होत्या. बॉल सावलीत गेला की दिसेनासा व्हायचा आणि पलीकडच्या पिवळ्या उन्हात हळूच उगवायचा. पेंढ्याची धूळ तरंगत होती. मला सगळं झोपेत बघितल्यासारखं वाटत होतं.

शून्य-शून्य चाललं होतं. शेवटाला त्यांचा गोलकीपर बॉल धरायला पुढे धावला आणि स्वतःच्याच खेळाडूवर आदळला. दोघं आडवे झाले. बॉल त्यांच्या बाजूने घरंगळत, वाटेत जरा थांबल्यासारखं करून, रेषेपलीकडे गेला. आमच्यातल्या कुणाचा पायही त्याला लागला नव्हता. आम्ही जिंकलो होतो.

मी घसा बसेपर्यंत ओरडले. कॅम्प चारवाल्यांना जाऊन विचारलं, की पाइप ठेवायला पार्किंग आहे ना. त्यांना उत्तर द्यायला वेळ नव्हता, ते गोलकीपरला शिव्या घालत होते. जीन्स शिवायच्या कारखान्यातला तो पंचविशीचा मुलगा, पोलाला टेकून मान खाली घालून बसला होता.

बाबा उठून त्याच्याकडे चालू लागले. सात वर्षांचं उट्टं काढायला निघाले, असं समजून मी आनंदाने मागे गेले. बाबांनी त्याला घर केवढं आहे ते विचारलं. एक खोली, तो म्हणाला, पण पॅसेजमध्ये दरवाज्यासमोर राहतील पोल.

"तू नको नेऊस, पोरा. माझ्याकडेच राहू दे," बाबा म्हणाले.

"हारलोय ना मी, काका. रूल है."

"रोज सकाळी दार उघडलं की तेच दिसतात रे," बाबा म्हणाले. "माणूस दुसरं काही बघतच नाही."

मला आधी रागच आला. एवढी वाट पाहून मिळालेली जीत बाबा अशी देऊन टाकत होते. मग त्या मुलाने मान वर केली आणि बाबांकडे पाहिलं. बाबा त्याला बोलले तसं एक वाक्य सात वर्षांत आमच्या घरातलं कुणी बाबांशी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही.